कलाउपापा: आईला खेचरावर बसवून नेलेलं गाव

आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे डब्लिनला आली, तेव्हाच हवाईचं ठरलं होतं. (डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. हा खुलासा दर वेळी करावा लागतो.) मोलोकाई बेटाचं मात्र मी एकटीने ठरवलं, तेही बाकीची तिकिटं काढून झाल्यावर, आणि आईला कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

त्या वसंतात माझ्या डाव्या हातावर, कोपराखाली, फिकट डाग दिसला. एकदा तिथे तव्याची कड लागली. फोड आला, पण चटका जाणवला नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. विचित्र काही एकदा घडलं की ते परत घडवून बघायचं, ही सवय. डोळे मिटले, पेनाचं टोक हातावर फिरवलं. डागावर आलं की टोक नाहीसं व्हायचं, पुढे गेलं की परत सापडायचं. ही तपासणी माझी नाही. विदर्भातल्या आमच्या शाळेत आरोग्य खात्याची माणसं ती करायला यायची, आणि पोरांच्या रांगा लावायला माझी आई असायची. ती तिथेच शिक्षिका होती. शेजारच्या कोलंबस शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मी कुष्ठरोग हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली. भीतीने नाही, कुतूहलाने. रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागणार होते आणि प्रवास नेमका त्यात पडत होता.

त्याच वेळी आईचं अमरावतीच्या एका बाईंशी फोनवर बोलणं चालू होतं. त्यांचा मुलगा इथेच अमेरिकेत, अल्फारेटाला, आयटीतच. पत्रिका जुळली होती. मी हातावर पट्टी लावून "भाजलं" एवढंच सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

आता प्रवास. कोलंबसहून होनोलुलूला थेट विमान नाही. आम्ही दोन ठिकाणी बदललं आणि आईने दोन्हीकडे "आता आलं का?" विचारलं. वायकीकीच्या किनाऱ्यावर तिने हात कमरेवर ठेवून समुद्राकडे पाहिलं.

"गोव्याला काय वाईट होतं?"

"इथे ज्वालामुखी आहेत."

"दाखव मग."

ज्वालामुखी दुसऱ्या बेटावर होता. मला वाळूत बसवत नव्हतं. मी दर तासाला हॉटेलच्या लॉबीतल्या कॉम्प्युटरवर ईमेल बघून येत होते, जणू डॉक्टर रिपोर्ट सुट्टीवरच्या माणसाला ईमेल करतात. आई म्हणाली, "काय करून राहिलीस तू? बूड टेकव जरा."

मोलोकाईचं विमान इतकं लहान होतं की काउंटरवर आमचं वजन विचारलं. आईने चारचौघांत सांगायला नकार दिला आणि कागदावर लिहून दिलं. मोलोकाईत एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. गाडी आधीच भाड्याने ठरवून ठेवा, मोजक्याच असतात. मुख्य गावात एक रस्ता, थोडी दुकानं आणि एक बेकरी.

कलाउपापा याच बेटाच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर आहे. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा. एकोणिसाव्या शतकात हवाईच्या राज्याने कायदा केला आणि कुष्ठरोगाचा संशय असलेल्या माणसांना इथे आणून सोडायला सुरुवात केली. बहुतेक सगळे मूळ हवाईयन. हा आजार त्यांच्याकडे बाहेरून आला होता आणि त्यांच्या भाषेत त्याला ताटातूट करणारा आजार म्हणत. औषध सापडलं, त्यानंतरही वीसेक वर्षं कायदा राहिला. तो १९६९मध्ये उठला. तेव्हा तिथल्या लोकांना हवं तर तिथेच राहायची मुभा मिळाली. त्यांतले थोडे म्हातारे अजून आहेत.

जायचं असेल तर: परवानगी टूरवालेच काढून देतात, पण आधी बुकिंग करा. सोळा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. खाली हॉटेल नाही, डबा घ्या. तिथल्या रहिवाशांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. खाली जायला तीन वाटा: विमान, पाय किंवा खेचर. खेचराचा दर बऱ्या हॉटेलातल्या एका रात्रीएवढा आहे आणि मला तो पटला नाही, म्हणून मी चालत गेले. आईचे गुडघे पाहता तिला खेचर.

"याचं नाव काय?" आईने पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधत विचारलं.

खेचरवाल्याने सांगितलं, "एल्व्हिरा. खूप शहाणी आहे मॅम, फक्त कड्याच्या कडेने चालते."

मी भाषांतर केलं. शेवटचं वाक्य गाळलं. ते आईला पहिल्याच वळणावर कळलं.

वळणांना नंबर दिलेले आहेत. वाट दगडी, ओली, आणि खेचरं पुढे गेलेली असली की कशी असते ते चालणाऱ्यालाच कळतं. बुटांना चांगली पकड हवी. खाली पोचले तेव्हा आई एल्व्हिराशी मराठीत बोलत होती.

आम्हाला गाव दाखवणारी, तिथलीच जुनी रहिवासी आंटी मालिया जुन्या पिवळ्या स्कूलबसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसली होती. ऐंशीच्या आसपासची, गॉगल लावलेली, केसांत फूल. हवाईत वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात. आईला हे इतकं रास्त वाटलं की तिने लगेच "नमस्कार मावशी" म्हणून हात जोडले. आंटीने आपले हात मांडीवर ठेवले होते, कुणापुढे करत नव्हती. तिची बोटं आखूड झालेली आहेत. आईचे जोडलेले हात पाहून तिने आपलेही जोडले. "हे बरं आहे. यात कुणाची पंचाईत होत नाही," ती म्हणाली.

ती मूळची हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावरची, कोना भागातली. गालावर चट्टा आला तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आईने वर्षभर तिला वरच्या कॉफीच्या मळ्यात लपवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, मुलगी मावशीकडे गेली. शेवटी कुणीतरी कळवलंच.

भेटायला येणाऱ्यांची जुनी जागा तिने दाखवली. मधोमध लांब टेबल असायचं आणि त्यावर उभी जाळी. इकडे आजारी, तिकडे घरचे.

"विचार तिला," आई मला म्हणाली, "तिची आई आली होती का."

"एकदा," आंटी म्हणाली. "सुकी मासळी घेऊन. जाळीत बोट घालायला मनाई होती, तरी आईने घातलं. रखवालदार चांगला होता, तो बूट पुसायला बसला."

मी जसंच्या तसं सांगितलं. आईने ओढणीने नाक पुसलं.

दुपारचं जेवण पूर्वेकडच्या टोकाला, कलावाओला, समुद्रासमोरच्या गवतावर. पहिली वस्ती इथे होती. गवतात कबरी आहेत आणि दगड नसलेल्या कबरी त्याहून जास्त, असं आंटी म्हणाली. आईने दशम्यांचा डबा उघडला आणि पहिली दशमी लसणाच्या चटणीसकट आंटीच्या हातावर ठेवली. आंटीने घास घेतला, थांबली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं.

"कायदा असताना हे द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "अर्धे पळून गेले असते."

आई हसली. दोघी एकाच डब्यातून खात होत्या. आंटी पलीकडे ड्रायव्हरकडे गेली तेव्हा मला वाटलं, सांगायची वेळ हीच. मी पट्टी काढली आणि जे माहीत होतं ते क्रमाने सांगितलं: डाग, चटका, पेन, तुकडा. रिपोर्ट यायचा आहे. असलाच तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की दुसऱ्याला होत नाही, आणि बहुतेकांना तसाही होत नाही.

आईने डाग नीट पाहिला. ती शिक्षिकेची नजर मला ओळखीची होती.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. अमरावतीला तर नाहीच. औषध घे, बरी हो, विषय संपला."

मग तिला तहान लागली. आमची बाटली एकच होती, सकाळपासून दोघी तिलाच तोंड लावून पीत होतो. तिने ती उचलली, हातात धरली आणि झाकण न उघडता खाली ठेवली. "नको आत्ता," म्हणाली. ऊन रणरणत होतं. आंटीच्या हातांशेजारी जेवलेली बाई माझ्या बाटलीशी थांबली होती. मी बाटली पिशवीत टाकली आणि समुद्रातल्या सुळक्यांचे फोटो काढले. ते सगळे हललेले आले आहेत.

परतताना बसमध्ये कुणीतरी विचारलं, मोकळीक मिळाल्यावर तुम्ही घरी का नाही गेलात?

"गेले होते ना," आंटी म्हणाली. "भावाने खोली रंगवून ठेवली होती. चांगली खोली, मागच्या बाजूची. पाहुणे आले की तो म्हणायचा, आज बाहेर येऊ नकोस, त्यांना उगाच सांगत बसावं लागेल. मी टिकले थोडे महिने. मग परत आले. पहिल्यांदा मला सरकारने पाठवलं. दुसऱ्यांदा मी माझं तिकीट काढून आले. इथे मला नवरा मिळाला, भांडायला शेजारी मिळाले. इथे मी सगळ्या खोल्यांत हिंडते."

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

मी गाळू शकले असते. सकाळी कड्याचं वाक्य गाळलंच होतं. हे गाळलं नाही. खोलीचा रंग, पाहुणे, सगळं सांगितलं. वर चढताना आई एल्व्हिराशीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेकरीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. इथला गरम गोड पाव जरूर घ्या, लवकर संपतो. आईने माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर ओढला.

"डोळे मीट."

"आई, लोक बघतात."

"बघू दे. मीट."

मी मिटले. तिने कशाने स्पर्श केला माहीत नाही, बहुतेक ओढणीच्या टोकाने.

"कुठे?"

मी मनगटावर बोट ठेवलं.

"आता?"

कोपराशी ठेवलं.

"आता?"

मी थांबले. "अजून लावलं नाहीस."

डोळे उघडले तेव्हा तिचा तळवा पूर्ण डागावर होता. कितीतरी वेळापासून असावा, कारण तिच्या बोटांखाली माझी कातडी ओलसर झाली होती. दुसऱ्या हाताने तिने माझ्या कपातली कॉफी उचलली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "कडू आहे."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. होता. सौम्य प्रकारचा. वर्षभर गोळ्या, त्या सरकारी केंद्रातून येतात आणि पैसे पडत नाहीत. एका गोळीने लघवी नारिंगी होते, हे आधी माहीत असलेलं बरं. डागावरची जाणीव परत येईलच असं नाही. आईने परतीचं तिकीट पुढे ढकललं.

फोटो बघायला लोक येतात तेव्हा मी सुळके दाखवते आणि खेचरावरची आई दाखवते. आंटी मालियाचा फोटो नाही. मी विचारलं नव्हतं. त्या गावातून मी काय आणलं, हे मला अजून नीट मांडता येत नाही. तिथे राहणाऱ्यांचा धीर मला काही मिळाला नाही. मी अजूनही रात्रीची गोळी घेतली की घरभर फिरत राहते. पण फिरते सगळ्या खोल्यांत.

गेल्या रविवारी आईने अमरावतीला फोन लावला. मी शेजारी भांडी लावत होते. पत्रिका, हवापाणी, बाईंचे गुडघे, सगळं झालं. मग आई वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "एक सांगायचं होतं. मुलीला कुष्ठरोग निघाला. हो, तोच. हातावर. औषध चालू आहे, बरी होणार आहे. नंतर कळण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं." मग पलीकडून त्या बाई म्हणाल्या, ह्यांच्याशी बोलून फोन करते.

आठवडा झाला. फोन आलेला नाही.

"येईल का गं?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. तिने माझ्या हातातली ताटली घेऊन पुसली. "आणि तू हे सगळं लिहून राहिलीस तर माझं त्या पाण्याचंही लिही. फक्त दुसऱ्यांचंच नको."