लातूरहून इस्लापूरला लेथ

सोजरनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते बाजेची नवार आवळण्याचं. सोजर म्हणजे माझी बायको. ती गुडघ्यानं लाकूड दाबून धरायची आणि मी नवार ओढायचो. "वढा की जोरानं, जेवला न्हाईत का?" म्हणाली. अर्धी बाज झाली, चहा झाला, उरलेली उद्या करू म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढंच गेली. लोक म्हणाले, नशीबवान, हाल झाले नाहीत. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला अंगणातून हाकलून द्यावंसं वाटलं. दोघांना हाकललंही.

तिसऱ्या महिन्यात मी लातूरला निघालो, लेथ मशीन आणायला. लोखंड कातायची मशीन, पण लहान, टेबलावर बसेल एवढी. ह्या वयात हे खूळ कशाला, ते आधी सांगतो. तरणा होतो तेव्हा लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी मशिनींना तेल द्यायचं काम करायचो. शेजारी वर्कशॉप होतं. तिथला उस्मान कातारी गंजका शाफ्ट लेथवर चढवायचा आणि बघता बघता तो चांदीसारखा करायचा. जेवणाच्या सुट्टीत मी भाकर हातात धरून ते बघत उभा राहायचो. आपल्या घरी अशी एक असावी, एवढीच हौस होती.

मग भूकंप झाला. आमची एक भिंत पडली, बाकी सगळे वाचलो. पण जमिनीतून आलेला तो घरघराट सोजरच्या अंगात बसला तो बसलाच. ट्रक गेला तरी ती घराबाहेर पळायची. पिठाची गिरणी लागली की अंगणात येऊन उभी. म्हणून लातूर सोडून तिच्या माहेरी इस्लापूरला आलो, जंगलाच्या कडेला, शांत म्हणून. तिथं घरात मशीन कुठून आणणार? मी कधी विषयच काढला नाही. आता पळून जाणारं कोणी राहिलं नव्हतं. हौस पुरी करायला मोकळा झालो होतो, आणि त्या मोकळेपणाचाच मला संताप होता.

सकाळची गाडी पकडली. सागाची पानं गळून गेली होती, उघड्या खोडांमधून लांबपर्यंत दिसत होतं. नांदेडला उतरलो, स्टँडवर भजी खाल्ली, तेल जुनं होतं. भजीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, तेल जुनं असलं तरच चव लागती." लातूरची एसटी मिळाली, तिची खिडकी लागत नव्हती. लोह्यापर्यंत तोंडात माती.

लातूर मला ओळखू आलं नाही. तुरीच्या भुशाचा वास कुठंच नाही. आमची मिल होती तिथं चार मजली क्लास. त्याच्यावर पोरापोरींचे फोटो, एकेक तोंड दाराएवढं, खाली त्यांचे मार्क. रस्त्यानं पोरं चालतात ती खाली मान घालून, हातातल्या कागदात बघत. एक सायकलवाला माझ्या अंगावर आला आणि वर मलाच म्हणाला, "आजोबा, बघून चाला."

मुक्काम पोराकडं केला. बालाजीनं वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना दिल्या आहेत. घरात सगळे कुजबुजतात. टीव्ही बंद, भांडं हळू ठेवायचं. सून वाईट नाही, जेवायला निलंगा राईस (मसाल्याचा तिखट भात) केला होता. पण मला खोकला आला तर म्हणाली, "बाबा, जरा दाबून. वर पोरींची टेस्ट हाय."

मी बालाजीला त्याच्या आईचं शेवटचं सांगत होतो. तो म्हणाला, "बाबा, हळू बोला ना."

"तुझी आई मेलीय," मी म्हणालो. "ते हळू कसं बोलू?"

 मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानच्या वर्कशॉपात गेलो; तो मशिनी विकून टाकतोय असं कानावर आलं होतं. दाढी पांढरी झाली आहे, हात तेच.

"कोन? तेलवाले मामा?"

"हाव. मेलो न्हाई अजून."

"मामी कशा हायती?"

"गेली."

त्यानं हातातली कानस खाली ठेवली. "बैठो," एवढंच म्हणाला आणि चहा सांगितला.

त्याला जागा सोडायची होती. वर क्लास आला होता. "सर लोक घडी घडी खाली येते. चाचा, बंद करा, फिजिक्स चालू हाय. म्या म्हणलं, सर, माझं बी तेच चालू हाय!" मोठ्या मशिनी भंगारात गेल्या होत्या. लहान लेथ मात्र तो असंच कुणाला देणार नव्हता. "चालवून दाखवा मामा. आलं तर तुमची, न्हाई तर न्हाई."

त्यानं माझी दस्ती (खांद्यावरचा पंचा) काढून ठेवली, धोतर नीट खोचायला लावलं. मी चकमध्ये, म्हणजे लोखंड धरून फिरणाऱ्या जबड्यात, सळई बसवली, चावीनं आवळली आणि बटणाकडं हात नेला. उस्माननं फाडकन हातावर मारलं.

"चावी! चावी आत हाय! फिरली असती तर उडून कपाळात बसली असती. चावी बाहेर आल्याबिगर तिच्यावरचा हात काढायचा न्हाई!"

ह्या वयात हातावर मार खाल्ला. डोकं फिरलं. मशीन लावली आणि टूल (कातणारं पातं) सळईत घुसवलं. खाडकन टोक तुटलं.

उस्माननं मशीन बंद केली. "मामा, कोनाला मारून राहिले?"

 त्यानं दुसरं टूल लावलं. ह्या वेळी मी हळू घेतलं, पण सळईच्या तोंडावर मधोमध एक बारीक टोक राहिलं. "टूल खाली हाय," म्हणत त्यानं ते वर उचलायला त्याच्याखाली ब्लेडचा तुकडा सरकवला. मग कापलं ते साफ. कीस गरम, वेटोळं होऊन माझ्या बुटावर पडत होता. वरून कोणीतरी जमिनीवर पाय आपटले. उस्मान म्हणाला, "लावा मामा, लावा. आज आखरी दिवस हाय." दुपारपर्यंत मी ती सळई कातत बसलो. वरचे आपटत होते आणि मला बरं वाटत होतं.

मोटर, चक, मागचा ठोकळा असं सगळं वेगळं करून पोत्यांत बांधलं. बालाजी स्टँडवर सोडायला आला, पोती त्यानंच चढवली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कुणाला कापून आणलं की काय?" मी म्हणालो, "लोखंड हाय, तिकीट फाड." नांदेडहून पुढं किनवटच्या गाडीत एक बाई पोत्यावर टेकून बसली. तिनं विचारलं, "दादा, मोटर का पाण्याची?" लोखंड कातायची मशीन, सांगितलं. "मग काय बनवणार तिच्यावर?"  तीस वर्षं हौस केली, पण काय बनवायचं ते ठरवलंच नव्हतं.

घरी शेजारच्या माधवला हाताशी घेऊन मधल्या खोलीत जाड फळ्यांच्या टेबलावर मशीन बसवली. चावी काढून खिशात टाकली, दोनदा बघितलं. दिवस मावळायच्या आत बटण दाबलं. टेबल थरथरलं, भिंत थरथरली, मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आणि मी ओरडलो, "अगं, मशीन हाय! भिऊ नको!"

कोणी पळालं नाही. माधव माझ्याकडं बघत राहिला. मी बटण बंद केलं.

लोक गावाला जाऊन हलके होऊन येतात. मी एवढं लोखंड वाहून आणलं आणि राग होता तेवढाच आहे. उस्मानवर नाही, त्या पोरींवरपण नाही. मी इतकी वर्षं तिच्यासाठी गप्प राहिलो, आणि तिनं मला बोलायला मोकळं करून टाकलं. हे मला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेतली. घराच्या भिंतीपासून तीस पावलं मोजली, कुंपणापाशी आलो आणि मशीनच्या पायासाठी खड्डा खणायला घेतला. माधव दात घासत आला. "काका, येवढी मोठी खोली सोडून हिथं? घरात आता कोणाला त्रास होणार हाय?"

मी त्याला शिवी दिली आणि खणत राहिलो.