अर्थिंगची तार

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत डबा उघडत होते. "हे गेले," एवढंच त्या बोलल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "करंट लागला?" वहिनी म्हणाल्या, "नाय हो बाई. झोपेतच गेले." असं विचारल्याची लाज अजून जात नाही. पण मनोहरदादांच्या आणि माझ्या ओळखीत ती भीती मुरलेलीच होती.

दादा मूळचे करंज्याचे. पनवेलला अ‍ॅम्प्लिफायर, माइक दुरुस्त करायचे. आमच्या भजनी मंडळाचा सेटही त्यांच्याकडेच. दहाएक वर्षांपूर्वी ओवे गावात भजन होतं. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं. मी अनवाणी. माइक जवळ ओढायला धरला आणि मूठ मिटली ती सुटेना. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. बायकांना वाटलं, मी सूर आठवतेय. दादा धावले, त्यांनी प्लग उपसला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. "बाई, चूक माझी हाय. आतली एक वायर सेटच्या पत्र्याला लागली होती, पन अर्थिंग धड असती तर तुमाला काय झालं नसतं. अर्थिंगच्या तारेला सोल्डर मीच केलेलं. शिसं थंड व्हायच्या आत तार हलली. वरून धरल्यासारखं दिसलं, आतून धरलंच नाय." त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मी गाणं सोडलं. चार महिन्यांनी दादा मला दुकानात घेऊन गेले. तार खरवडली, तापवली, शिसं तिच्यात झिरपू दिलं आणि ते थिजेपर्यंत श्वास रोखून बसले. मग पक्कडीने ती ओढून दाखवली. एकदा नाही, चार-चारदा. माझ्याइतकेच तेही घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं.

मी पुन्हा गाऊ लागले. पुढे प्रत्येक भजनाआधी ते चप्पल काढून जमिनीवर उभे राहायचे आणि आधी स्वतः माइक धरायचे. मला ते पाहवत नसे.

"टेस्टर आहे ना, दादा?"

"लावलाय. पन तुमच्या मनाला पटायला पायजे ना?"

परवा उलव्यात भजन होतं, दादांनंतरचं पहिलं. सेट दुसऱ्याचा. पहिला अभंग मंडळातल्या नव्या प्राचीचा. तिने माइककडे हात नेला.

"थांब!" मी जवळजवळ ओरडलेच. सतरंजीवरून उतरून अनवाणी फरशीवर उभी राहिले आणि माइक मुठीत धरला. काही झालं नाही.

"काय झालं काकू?" प्राची विचारत होती.

"काही नाही. धर आता," म्हणत मी माइक तिच्या हातात दिला.