सगळ्यांना बराबर

शहागडला हायवेच्या कडेला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे आबारावचं हॉटेल आहे. त्याला लागून माझं पंक्चरचं दुकान. ट्रकचं चाक खोललं की ड्रायव्हर आबारावच्या बाकड्यावर जाऊन बसतो, चहा सांगतो, आणि चहा येईपर्यंत आबाराव त्याला ऐकवतो की आपल्याला सात लेकरं आहेत, आणि घरात कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. "सगळ्यांना बराबर!" असं म्हणून तो टेबलावर थाप मारतो. टेबल पुसायला बहुतेक वेळा त्याची एखादी मुलगी उभी असायची. ती थाप चुकवून पुसायची.

सात लेकरं कशी झाली तेही तो सांगतो. मोठं घर आपल्याला पहिल्यापासून आवडतं, असं त्याचं म्हणणं. झालं ते असं, की पहिल्या चारही मुली झाल्या. मोठं घर आवडत असल्यामुळे आबाराव थांबला नाही. पाचवा हरिओम झाला. त्या दिवशी त्यानं ट्रक अडवू अडवू पेढे वाटले, 'हॉटेल गोदावरी' ही पाटी उतरवली आणि 'हॉटेल हरिओम' अशी नवी रंगवून घेतली. इथं थांबायला हरकत नव्हती. पण एकट्या पोराला करमणार नाही, त्याला जोडीला भाऊ पाहिजे, असं आबारावच्या मनानं घेतलं, आणि हरिओमला आणखी दोन बहिणी झाल्या. धाकटी आकांक्षा झाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आबारावला सोडून कडूबाईला विचारलं. कडूबाईनं कुणालाच न विचारता ऑपरेशन करून घेतलं. आबाराव अजून सांगतो की तो विचार दोघांचा होता.

कडूबाई म्हणजे त्याची बायको. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आबारावच्या सात लेकरांच्या गोष्टीत ती क्वचितच येते. अंधारात उठून हॉटेलाच्या भाकरीचं पीठ मळायचं, कांदे चिरायचे, पोरींच्या वेण्या घालायच्या, डबे भरायचे, एकीचा ताप उतरतो न उतरतो तोवर दुसरीच्या गळ्यावर हात लावून बघायचा, थोरलीच्या शाळेतली पालकसभा आणि धाकटीचा डोस एकाच सकाळी आला तर दोन्हीकडं हजर राहायचं आणि दहाच्या आत भजी तळायला बसायचं, हे तिच्याकडं होतं. आबारावकडं न्यायाचं खातं होतं. त्याचा भार इतका होता की बाकी कशाला त्याचा हात लागत नसे.

न्याय कसा, ते एका दिवाळीला सगळ्या गावानं पाहिलं. आबाराव अंबडला गेला आणि एकाच ताग्यातलं कापड घेऊन आला. निळ्यावर पिवळे गोळे. सहा फ्रॉक शिवले, हरिओमचा शर्ट शिवला, आणि उरलेल्या कापडाचा हॉटेलाच्या मोरीला पडदा झाला. लेकरांना त्या पडद्यापुढं उभं करून फोटो काढला. फोटोत नुसती मुंडकी दिसतात. थोरली सुरेखा तेव्हा नववीत. धाकट्या रांगत्या बहिणीसारखा फ्रॉक घालून ती काही घराबाहेर पडेना. आबाराव म्हणाला, "तुला येगळं घेतलं तर बाकीच्यांनी काय करावं?" सुरेखानं दिवाळी चुलीपाशी काढली.

मग डोळ्यांचं झालं. तिसरी मनीषा वर्गात फळ्यावरचं दिसत नाही म्हणून जागेवरून उठून फळ्यापाशी जाऊन उभी राहते, असा मास्तरांचा निरोप आला. अंबडला शिबिर होतं. आबारावनं हॉटेल बंद ठेवलं आणि एकीला न्यायचं तर सगळ्यांना न्यायचं म्हणून सातही लेकरं टेम्पोत घातली. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. चष्मा मनीषालाच लागणार होता. ते ऐकून आकांक्षानं भोकाड पसरलं.

"डॉक्टरसाहेब," आबाराव म्हणाला, "देताल तर सगळ्यांना द्या. न्हाईतर घरात भांडणं लागतेल."

"बाकीच्यांना लागत नाही हो. मग काय, हिलाही नको देऊ?" डॉक्टर वैतागून म्हणाले.

आबाराव विचारात पडला. खरंच पडला. तेवढ्यात मागून कडूबाई म्हणाली, "तिला पाहिजे. द्या तुम्ही."

परत येताना आबारावनं बाजारातून सहा काळे गॉगल घेतले. संध्याकाळी टेम्पो माझ्या दुकानापुढं थांबला आणि एकामागून एक काळे गॉगल खाली उतरले. चाकातली हवा बघत होतो, ती बघायची राहिली. मनीषा शेवटी उतरली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि जाणाऱ्या ट्रकच्या मागं लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचत सुटली. तिला घरात ओढून न्यावं लागलं. कडूबाईचे डोळे काही कुणी तपासले नाहीत. शिबिरात ती लेकरांच्या चपला सांभाळत होती.

थोरल्या दोघींची लग्नं आबारावनं एका दिवशी, एका मांडवात, एकसारख्या शालूत लावली. एक मंठ्याला गेली, एक भोकरदनला. मंठ्याचा जावई चांगला निघाला. भोकरदनचा निघाला नाही. आबाराव म्हणाला, "आपण तर दोघींना बराबर दिलं."

खरी गंमत झाली ती मनीषा बारावी झाली त्या साली. तिला चांगले मार्क पडले. पुढं नर्सिंगला संभाजीनगरच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. त्याच साली हरिओम दहावीला गणितात आणि इंग्रजीत नापास झाला, दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं मोटरसायकल मागितली. पोराच्या मनाला लागलंय म्हणून आबारावनं चौथ्या दिवशी गाडी आणली. हॉटेलापुढं उभी करून तिला हार घातला, नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं, खोटं कशाला बोलू. त्या गर्दीतच मनीषा बापापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, माझ्या कॉलेजाचं काय? महिन्याच्या आत जावं लागंल."

"आता तुला पाठवलं तर खालच्या तिघींनी काय करावं? त्याबी मागतेल. माझ्या घरात सगळ्यांना बराबर असतंय, तुला म्हाईत न्हाई का?"

"मंग गाडी सगळ्यांना आणताल?"

"गाडी कामासाठी आणली."

"कोणत्या?"

आबारावला काम काही आठवेना. त्यानं हाराकडं पाहिलं, हरिओमकडं पाहिलं. "तो पोरगा हाय," तो शेवटी म्हणाला. "त्याचं येगळं असतंय."

बाकड्यावर बद्रीनाथ नावाचा ड्रायव्हर चहा पीत बसला होता. मोसंबीचा माल घेऊन तो महिन्यात दोन-तीनदा इथं थांबायचा, आणि टेबलावरची ती थाप त्यानं कितीदा तरी ऐकली होती. तो म्हणाला, "म्हंजी आबाराव, तुमचं बराबर पोरीपोरींतच का?"

सगळे हसले. आबाराव हसला नाही. आतून कडूबाई बाहेर आली. हाताला बेसन होतं. ती भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, "पोरांचा बाप बोलून राह्यला ते बराबर हाय. घरात सगळ्यांना सारखंच पाहिजे. उद्यापासून तसंच करू. मीबी आन तुमीबी."

आबारावला वाटलं, बायकोनं आपली बाजू घेतली. त्यानं तिच्याकडं मोठ्या मानानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उशाशी चहा आला नाही. त्यानं हाक मारली. कडूबाई आतून म्हणाली, "चहाची आज हरिओमची पाळी हाय." हरिओमला साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं, आणि शोधण्याची सवय नव्हती. मीठ हाताला लागलं. आबारावनं तो चहा पुरता प्यायला, कारण समोर गिऱ्हाईक होतं. मग त्याला कळलं की हॉटेलाची भांडी आज त्याच्याकडं आहेत.

रविवारी मटण झालं. त्या घरातली रीत अशी होती की नळीची वाटी आधी आबारावला, मग हरिओमला, मग पोरींना, आणि कडूबाई पातेल्यात भाकर फिरवून घ्यायची. त्या दिवशी सगळ्या वाट्या सारख्या भरल्या आणि तिनं आपलीही वाटी भरून सगळ्यांबरोबर बसून घेतलं. आबारावनं वाटी हलवून पाहिली.

"एवढंच?"

"बराबर हाय आबा," आकांक्षा म्हणाली.

घरातला एकुलता कूलर आबारावच्या खाटेपाशी असायचा. तोही रोज एकेकाकडं फिरायला लागला. आबारावची पाळी आली त्या दिवशी लाईट गेली. त्यानं उद्याचा दिवस मागितला. पोरींनी दिला नाही.

त्याला हे मोडता येत होतं. घर त्याचं, आवाज त्याचा. पण ज्या वाक्यावर त्यानं इतकी वर्षं चहा विकला ते वाक्य मोडायचं कसं? म्हणून तो नळापाशी उकिडवा बसून कढया घासायचा आणि बद्रीनाथनं ट्रकमधून ओरडून विचारलं, "काय आबाराव, भांडी का?" की मान वर करून सांगायचा, "आज माझी पाळी हाय." सरपंचपद मिळाल्यासारखं सांगायचा.

मग त्याच्यावर सकाळची पाळी आली. पूर्ण सकाळ. कडूबाई त्या दिवशी ओसरीवर बसून राहिली आणि तिनं कशाला हात लावला नाही. साडेसात वाजता दूध उतू गेलं. ते पुसेपर्यंत भाकरी करपली. दोन ट्रक येऊन थांबले, ड्रायव्हर चहा मागायला लागले. गॅस संपला. हरिओमला पेट्रोल पाहिजे होतं, मधलीचा डबा राहिला होता, आणि आकांक्षाच्या शाळेत पालकसभा होती. थोड्या वेळानं आबाराव माझ्या दुकानात आला. त्याच्या हातात आकांक्षाचे केस होते, आकांक्षा मागं ओढली जात होती. एक वेणी घालून झाली होती. ती कशी झाली ते तिलाच माहीत.

"तुला दुसरी घालता येती का?" त्यानं मला विचारलं.

मला ट्यूब जोडता येते. मी तसं सांगितलं. सगळ्यांना बराबर म्हणणाऱ्या माणसानं त्या दिवशी लेकीला एका वेणीवर शाळेत नेलं. शाळेत मॅडमनी विचारलं, कोणत्या वर्गातली? आबाराव म्हणाला, पाचवी. आकांक्षा सातवीत होती. तिनं ते सगळ्या पालकांसमोर सांगितलं.

दुपारी तो ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "हे रोज असंच असतंय का?"

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "आज कोणाला ताप न्हवता."

संध्याकाळी त्यानं मनीषाला जायला हो म्हटलं. त्याचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. हात पालटले. सोड्यानं त्यांची सालं निघाली होती. "आन खालच्या तिघी?" असं त्यानं एकदा विचारून पाहिलं. "त्याबी जातेल," कडूबाई म्हणाली, आणि विषय संपला. हरिओमची गाडी राहिली, पण तिच्यावर गॅसची टाकी आणि भाजीची पोती येऊ लागली. मित्र दिसले की तो तोंड फिरवून गाडी चालवायचा. आबारावला जे काम शोधून शोधून सापडलं नव्हतं ते कडूबाईला सापडलं.

मनीषा गेली त्या सकाळी आबारावनं तिची पेटी स्वतः एस.टी.त चढवली आणि कंडक्टरला ऐकवलं, "आपल्या घरात पोरगा-पोरगी बिलकुल फरक न्हाई." कंडक्टरनं तिकीट फाडलं. मनीषानं खिडकीतून बापाकडं पाहिलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. पण ती आईकडं बघून हसली, आणि मग तिला हसू आवरेना.

बस पुलावर गेली तसा आबाराव मोकळा झाला. घरी येऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, "चला. आता झालं ना तुमच्या मनासारखं? जल्दी चहा आणा."

"कोणाची पाळी हाय बघा," कडूबाई म्हणाली.

"आता कसली पाळी? पोरीला पाठवलं की मी!"

"त्यामुळंच तर. एक माणूस कमी झालं. आता पाळ्या जल्दी जल्दी येतेल."

याला आता तिसरं वर्ष चालू आहे. मनीषाच्या पाठची मंठ्याला बहिणीकडं राहून कॉलेज करते. हरिओम दहावी पास झाला, आणि चहा बरा करतो. भज्याचा घाणाही आता तोच काढतो. आबाराव नव्या ड्रायव्हरला सांगतो की घरात पाळ्या लावायची ही कल्पना आपली, आणि जुने ड्रायव्हर चहात बघत बसतात. कडूबाई दुपारी जेवण झाल्यावर आतल्या खोलीत तासभर झोपते. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी आडवी झालेली कधी पाहिली नव्हती. त्या वेळात हॉटेलात कुणी जोरात बोललं तर आबाराव हातानं खूण करतो, "हळू बोला राव, आत माणूस झोपलंय."