माझ्याकडे पडलेली सावली

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मी उठून जायचो. जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. विकणारा शपथा घेत असतो तेव्हा मी त्याच्या टायरकडे बघतो. ट्रकवर क्लीनर होतो, तिथून आमगावात स्वतःचं दुकान उभं केलं... ऐकलेलं सगळं मानलं असतं तर आजही गाड्याच धूत असतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे धान निघालं की लोक ते डांबरी रस्त्यावर वाळवतात. अर्धा रस्ता त्यांचा. वर गाडी येऊ नये म्हणून कडेनं गोटे. आमच्या गावाच्या वळणाआधी सुखराम नावाचा म्हातारा शेतकरी हेच करतो. त्याच्या गोट्यानं माझ्या नव्या गाडीचा बंपर फुटला, आणि वर हा म्हणतो, "पाहून चालवत जा जी शेठ!" तेव्हापासून डोक्यात राग. त्या सकाळी पुन्हा भांडलो. दम दिला — संध्याकाळी एकही गोटा दिसला तर पोलीस आणतो.

रात्री नऊच्या सुमारास एकटाच परतत होतो. त्या रस्त्यावर दिवे नाहीत, हेडलाईटवरच रस्ता वाचावा लागतो. उजेड लांब पळाला की सरळ रस्ता, झाडांवर गेला की वळण, मध्येच तुटला की खड्डा. गोटा असेल तर त्याच्यामागे लांब सावली. त्या रात्री गोट्याची सावली नव्हती. फक्त काळ्या ताडपत्रीखालचा ढीग. म्हणजे गोटे काढले, पण धान तिथंच! टाळकं सरकलं. ठरवलं — गाडी ढिगावरूनच काढायची.

अॅक्सिलरेटर दाबला... आणि उजेडात सावली आली. उभ्या माणसाची, एक हात वर केलेला. हेडलाईटमध्ये सावली नेहमी आपल्यापासून लांब पडते. ही माझ्याकडे पडली होती. डोकं माझ्या बंपरपाशी, पाय ढिगापाशी... आणि त्या पायांवर माणूस नव्हता.

ब्रेक कसा लागला, माहीत नाही. गाडी ढिगापासून हातभर अंतरावर थांबली. ताडपत्री हलली. आतून सुखराम उठून बसला.

"काऊन थांबले जी शेठ?"

"तू रस्त्यावर काऊन झोपून राहिला बे बुढ्या? मरत होता ना!"

"डुकरं येऊन राहिले रोज. धान कोणी राखाचं?"

"अन् गोटे?"

"तुमीच तं म्हणले, काढ. काढले. आता काढले म्हणूनबी बोंबलता का?"

मी गाडी मागे घेतली आणि ढिगाला वळसा घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी जागा पाहिली. खांब नाही, झाड नाही. आदल्या रात्री समोरून गाडीही आली नव्हती. अंधार पडल्यावर तिथंच गाडी उभी करून लो बीम, हाय बीम, सगळं लावून पाहिलं. स्वतः उजेडात उभा राहिलो. माझी सावली लांबच पळाली. अजून कोडं सुटलेलं नाही.

रस्ता धान वाळवायची जागा नाही, हे मी आजही म्हणतो. गोटे मात्र मीच परत लावायला लावले.

त्या रात्री सुखरामला सांगितलं होतं, कुत्रं आडवं आलं म्हणून थांबलो. तो आता रोज संध्याकाळी त्या वळणावर पानावर भात ठेवतो... त्या कुत्र्यासाठी.