भट्टीत टाकलेला हिरा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण सोनं शुद्ध करण्यात माझा हात धरणारा कलकत्त्याच्या बहुबाजारात फारसा कोणी नव्हता, हे मी स्वतः सांगतो, कारण सांगणारे आता राहिले नाहीत. आमच्या सांगलीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, तसा मी सोळाव्या वर्षी कलकत्त्याला आलो. जुने दागिने वितळवायचे, आतली भेसळ जाळायची, चोख सोनं परत द्यायचं. आयुष्यभर माझा एकच गुरू, आग. अस्सल असेल ते आगीतून तसंच बाहेर येतं, नकली असेल ते काळवंडतं. यापलीकडे परीक्षा असते, हे मला मान्यच नव्हतं.

नातीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "आबा, मला सोनं नको. एकच हिऱ्याची अंगठी द्या." आमच्या गल्लीत चार दुकानं सोडून एक गुजराती हिरेवाला आहे. माझ्याच वयाचा, तीस वर्षांची दोस्ती. आम्ही हिंदीत बोलतो आणि हिंदीतच भांडतो. त्याच्याकडून सुटा हिरा घेतला. त्याने सोबत प्रयोगशाळेचा कागद दिला. मी म्हटलं, "तू सांगितलंस, बस झालं. कागद कशाला?"

"तुला नाही, नातीला दे. तिला वाचता येतं," तो म्हणाला.

घरी मुलाने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि सहज बोलून गेला, "हल्ली यंत्रात बनवलेले हिरेही येतात, बाबा. डोळ्यांना फरक कळत नाही." डोळ्यांना कळत नसेल, पण माझ्या भट्टीला कळेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नसताना हिरा मुशीत ठेवला आणि मूस लाल होईपर्यंत आच दिली. मग हळूहळू गार होऊ दिला. बाहेर काढला तर भिजवलेला साबुदाणा! चमक नाही, पाणी नाही, नुसता पांढुरका खडा.

मी तसाच त्याच्या दुकानात गेलो. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, तरी खडा काउंटरवर ठेवला. "तीस वर्षांत हेच शिकलास? माझ्या नातीच्या लग्नात काच खपवतोस?"

त्याने भिंग लावून पाहिलं आणि त्याचं तोंड लाल झालं. "हा खडा मी दिलेलाच नाही."

"म्हणजे मी बदलला?"

"ते तुझं तुला ठाऊक. प्रयोगशाळेत घेऊन जा. मी सोबत येणार नाही. आलो तर म्हणशील, यानेच त्यांचे कान भरले."

भट्टीची गोष्ट मी काढली नाही. परीक्षा माझी होती, त्याला कशाला सांगायची? गिऱ्हाइकं उठून गेली. संध्याकाळचा आमचा चहा त्या दिवसापासून बंद झाला. दोघांपैकी एक जण चोर होता, आणि मी नव्हतो.

नातीला घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो ते कागद खोटा पाडायलाच. तिथे खिडकीवर खडा तोलून घेतला, चिमटीएवढ्या पुडीत घातला आणि पुडीवर नुसता नंबर टाकला. माझं नाव नाही, दुकानाचं नाव नाही. मी विचारलं, "आत सांगणार नाही का, कोणाचा आहे?"

"आतल्यांना ते कळता कामा नये, दादू," खिडकीतली मुलगी म्हणाली. इथे आजोबाला दादू म्हणतात. मी जरा वरमलो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड बघून सोन्यातली घट कमी-जास्त सांगणारे पुष्कळ पाहिले होते मी.

काचेपलीकडे काम दिसत होतं. पांढऱ्या भिंती, सगळ्यांना सारखा उजेड. एक मुलगी हिरे पालथे ठेवून त्यांचा रंग नमुन्याच्या हिऱ्यांशी लावून बघत होती. दोन खड्यांमध्ये मला काहीच फरक दिसत नव्हता, तिला दिसत होता. घाई नाही, गप्पा नाहीत. एकीचं बघून झालं की पुडी दुसऱ्याकडे, आणि पहिलीने काय लिहिलं ते दुसऱ्याला दाखवायचं नाही. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा बघणार. भिंतीवरचा फलक वाचून नात हे सगळं कानात सांगत होती. एवढी शिस्त मी फक्त माझ्या वस्तादाकडे पाहिली होती, आणि तो एकटा होता.

मग एका बंगाली पोरीने आम्हाला आत बोलावलं. माझ्या नातीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने सरळ विचारलं, "दादू, हा आगीत गेला होता का?"

नात माझ्याकडे वळली. "आबा?"

"परीक्षा घेतली," मी म्हणालो.

पोरगी हसली नाही. हे मी तिचं फार मोठेपण मानतो. तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. हिऱ्याच्या कडेवर बारीक आकडे कोरलेले होते. सुरुवातीचे पुसले गेले होते, शेवटचे चार शिल्लक होते. नातीने हातातल्या कागदावरच्या नंबरातले शेवटचे चार वाचले. तेच होते.

"हिराच आहे," पोरगी म्हणाली. "खाणीतला. तोच. हिरा कोळशाचा भाऊ, दादू. उघड्या आगीत त्याची कातडी जळते. म्हणून कारागीर आच द्यायच्या आधी त्याला बोरिकचा लेप देतात. ही वरची साय घासून निघेल. थोडं वजन जाईल."

साठ वर्षं आगीपाशी बसलो आणि आगीचा एवढा गुण मला ठाऊक नव्हता. मी विचारलं, "आता याची किंमत किती?"

"आम्ही किंमत सांगत नाही. काय आहे तेवढंच सांगतो."

"मग एक करा. कागदावर ते जळल्याचं लिहू नका."

"जळल्याची खूण आहे, म्हणून लिहिणार. कोणी जाळला ते लिहीत नाही."

मी हट्टी माणूस. आयुष्यात मला असं तोंडावर नाही म्हणणारे थोडे, आणि म्हटल्यावर आवडलेले त्याहून थोडे. त्या पोरीला मनात नमस्कार केला. माझ्या हाताखाली असती तर दुकान तिच्या नावावर केलं असतं.

घरी न जाता तसाच हिरेवाल्याकडे गेलो. नातीला म्हटलं, तू बाहेर थांब. ती थांबली नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं असं पायांना वाटलं, पण आरोप चारचौघांत केला होता.

"हिरा तुझाच. अस्सल आहे," मी मोठ्याने म्हणालो. "मी भट्टीत टाकला होता."

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "बघा साहेब, याला म्हणतात जाणकार. पापड भाजतात तसा माझा हिरा भाजला."

गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही, पण तिथेच उभा राहिलो.

"आणि मला चोर म्हणालास," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"म्हणालो. चुकलो."

हा शब्द मी बायकोलाही कधी म्हटलेला नाही. त्याने प्रयोगशाळेचा नवा कागद शेवटपर्यंत वाचला आणि हात पुढे केला. "खडा इकडे दे. घासून घ्यायला सुरतेला मी पाठवतो. आल्यावर प्रयोगशाळेत परत मीच नेईन. आणि अंगठी बनेल ती तुझ्या नातीच्या हातात देईन, तुझ्या नाही."

मी पुडी त्याच्या तळहातावर ठेवली.