बिनविरोध सरपंच

गेल्या निवडणुकीत मी बिनविरोध सरपंच झाले. बिनविरोध म्हणजे आपल्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही, असं लोकांना वाटतं. माझ्याविरुद्ध एक बाई उभी होती. माझी धाकटी जाऊ. तिला मीच खाली बसवलं.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात आमची वाडी. भात, नाचणी, गुरं, शेरडं, आणि घरटी एखादा माणूस मुंबईला नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. वाडीतलं सगळं गावकी ठरवते. गावकी म्हणजे घरटी एक बाप्या, देवळात बसलेला. बायका बाहेर चहाची किटली सांभाळतात. निवडणूक आली की देवापुढे नारळ ठेवून मत कुणाला द्यायचं ते ठरतं, मुंबईला गेलेल्या वाडीकरांचं मंडळ फोनवरून होकार देतं, आणि मतदानाच्या दिवशी आम्ही बायका ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी रांगेत. आमच्याकडे बाप्यांपेक्षा बायकांचं मतदान जास्त होतं, याचं आम्हाला कोण कौतुक! डोंबलाचं कौतुक.

मी महाडला बारावीपर्यंत शिकले, म्हणून मार्चमध्ये महिला दिन आला की बचत गटात भाषण माझ्याच गळ्यात. मी ते तोंडपाठ करून ठेवलं होतं. परदेशात बायका मतासाठी तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या. आपल्याकडे इंग्रजांच्या वेळी मोजक्या बायकांना मत होतं, त्यातही कित्येकींना नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. पुढे देश स्वतंत्र झाला आणि सगळ्यांना एकदम मिळालं. आयतं मिळालंय तर त्याची किंमत ठेवा गो बायांनो, असं म्हणून मी खाली बसायची. टाळ्या पडायच्या. जाऊ पुढच्या रांगेत बसून ऐकायची. मला ते भाषण होतं, तिला ते खरं वाटलं.

माझा धाकटा दीर वारला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती आणि तिची मुलगी वेगळ्या चुलीवर राहतात. वाडीच्या कामाला ती सगळ्यांच्या बरोबरीने येते, पण घरात बाप्या नाही म्हणून गावकीत तिचं घर धरत नाहीत. तिच्या वतीने माझा नवरा बोलतो. म्हणजे बोलत नाही.

तळीयेला दरड आली त्या पावसाळ्यात आमच्या वाडीच्या वरही डोंगराला भेग पडली. साहेब लोक आले, बघून गेले, खाली सुरक्षित जागा सुचवा म्हणाले. कुणाची जमीन घ्यायची यावर गावकीचं एकमत होईना. दर पावसाळ्यात इशारा आला की आम्ही चादरी घेऊन खालच्या शाळेत जाऊन राहतो. भेगेच्या सगळ्यात जवळचं घर जावेचं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तशी ती म्हणाली, मी उभी राहते, जागेचं मार्गी लावते. कुणाला न विचारता पोलादपूरला जाऊन तिने अर्ज भरला.

गावकीने तोवर माझ्या नवऱ्याला निवडलं होतं. म्हणजे कागदावर मला. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली होती.

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाल्यापासून तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. ‘मग तुमचं तुम्ही बघा,’ एवढंच म्हणतात. त्याचा अर्थ पोरंसोरंही जाणतात. भाताच्या लावणीला माणूस येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही, शिमग्याला देवाची पालखी दारावरून पुढे निघून जाईल. जावेने अर्ज भरल्यावर गावकीने आमच्या घराला तेच ऐकवलं. मुंबईच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोन केला, वहिनी, हा तुमच्या फॅमिलीचा मॅटर हाय, घरातच सेटल करा म्हणाले. सासू दोन दिवस जेवली नाही. मरताना दारात पालखी दिसली नाही तर तुम्हा दोघींना बघून घेईन, म्हणाली.

मी जावेकडे गेले. ती शेरडांना पाला टाकत होती. एकेक धमकी मी तिच्यापुढे मांडली, तिने हातातलं काम न थांबवता ऐकली. पालखी नाय आली तर मीच देवळात जाईन, म्हणाली. मुलीच्या लग्नाचं काढलं, तर हसली. ती कशालाच भीत नव्हती. मग मी शेवटचं काढलं.

“सरपंच मीच होणार ना? तू सांगायचं, मी करायचं. पहिला ठराव जागेचा.”

पाल्याचा भारा खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. “करशील ताई?”

मी माझ्या मुलांची शपथ घेतली. त्या क्षणी ती खोटी नव्हती, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने पोलादपूरला गेलो. तिने अर्ज मागे घेतला. स्टँडवर वडापाव खाल्ला आणि येताना घाटात मी हसत होते, इतकं मला हलकं वाटत होतं. ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खुर्ची माझी, बोलणं नवऱ्याचं. महाडच्या एमआयडीसीतली पाळी संपवून कंपनीच्या बसने तो आला की कागद चुलीपाशी यायचे, पिठाचे हात पुसून मी सही करायची. जागेचा विषय मी पहिल्या महिन्यात काढला, तो म्हणाला घाई नको. दुसऱ्यांदा काढला, तर सासूसमोर ओरडला. तिसऱ्यांदा मी काढलाच नाही. त्याने मला मारलं नाही, कोंडलं नाही. मीच गप्प झाले.

यंदा उन्हाळ्यात ठराव अखेर झाला. खालची जागा ठरली, तिथे ज्यांना जागा मिळणार त्या घरांची यादी जोडली. मला इतका आनंद झाला की मी न वाचताच सही केली. आठ दिवसांनी यादी वाचली. गावकीने आपली नेहमीचीच यादी लावली होती, पालखी दारोदार नेतात ती, घरटी एका बाप्याची. त्यात जावेचं घर नव्हतं. तिला आमच्याच घरात धरली होती.

नवऱ्याला विचारलं. यादी वर गेली, आता हात लावला तर सगळ्यांचंच अडेल, तिला आपल्याकडे एक खोली देऊ, म्हणाला. मी पुन्हा गप्प बसले. जावेला सांगायला माझं तोंड नव्हतं.

पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा तिने ती स्वतःच वाचली. भर पावसात माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. मी सांगत सुटले, यादी गावकीची, लिहिली ह्यांनी, मी वाचलीसुद्धा नव्हती.

“सही तुझीच हाय ना?”

मी हो म्हटलं.

“गावकीनं केलं असतं तर भांडले असते,” ती म्हणाली. “तुझ्याशी कशी भांडू, ताई? तुला तर मीच निवडून दिली.”

आणि ती वर गेली, भेगेखालच्या घराकडे. तिची मुलगी घरात एकटीच होती.