त्याच्या वाट्याचा भात

आमच्या घरात एक शब्द कुणी काढायचा नाही: जाड. माणसाबद्दल चालायचा, कुत्र्याबद्दल नाही. कुणाच्या तोंडून निसटलाच, तर आई मीठमोहऱ्या घेऊन कुत्र्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. कुत्र्याची दृष्ट काढणारी बाई आमच्या लोधिवलीपासून खालापूरपर्यंत दुसरी नसावी. त्याच्या कपाळाला काजळाची तीटही असे. काळ्या कुत्र्याला काळी तीट, दिसणार कुणाला!

कुत्रा माझ्या धाकट्या भावाचा. शेताच्या बांधावर त्याला ते पिल्लू सापडलं आणि सदऱ्यात गुंडाळून त्यानं घरी आणलं. पिल्लू मोठं होतंय तोवर भावाला मुदतीचा ताप आला. बाबा कर्जतहून वैद्यांना घेऊन आले. त्यांनी लंघन सांगितलं: अन्नाचा कण पोटात जायचा नाही, नुसतं उकळलेलं पाणी. त्या काळी तापाला हाच उपाय, वैद्यांना मी बोल लावत नाही. भाऊ भात मागायचा. रडून नव्हे, समजुतीनं मागायचा. "आये, मूठभर दे गं, कुनाला नाय सांगनार." आईनं दिला नाही. शेवटी शेवटी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि एका सकाळी तो गेला.

त्यानंतरही भाताला माणशी एक मूठ तांदूळ घेताना आई भावाचीही मूठ घेत राहिली. जेवणं झाली की त्याच्या वाट्याचा भात, वर कालवण, कधी सुकट, पडवीत कुत्र्यापुढं यायचं. कुत्र्याची रोजची भाकरी होती ती वेगळी. लढाईचे दिवस, तांदूळ जपून वापरायचे. शेजारीण ऐकू जाईल अशी म्हणायची, खायला काळ नि भुईला भार. तो भात मलाही हवासा वाटे. पण मी जिवंत होते, मला माझाच वाटा मिळायचा.

संध्याकाळी आई कुत्र्याच्या कुशीवरून हात फिरवायची, दाबून बघायची. बरगडी हाताला लागली नाही की तिचा चेहरा निवायचा. "अंगी लागलं रं बाबा," म्हणायची. घरची मांजर उंदरांवर जगायची, तिला कुणी बोलावून घास घातला नाही. ती सडपातळ राहिली आणि चांगली म्हातारी होऊन मेली.

कुत्रा आधी बाबांच्या पुढं शेतावर पळायचा. पुढं पुढं तो वाटेतल्या ओढ्यापाशीच बसू लागला, जीभ बाहेर काढून, बाबा परत येईपर्यंत. पडवीची एक पायरी चढायला त्याला दोनदा थांबावं लागे. एका पाहुणीनं विचारलं, कधी व्यायचीय ही? मला हसू आवरेना. आईनं पाहुणीला चहा दिला नाही.

गुरांना टोचायला सरकारी डॉक्टर गावात आले तेव्हा बाबांनी बैलांमागून कुत्र्यालाही नेलं. आई बरोबर होतीच. डॉक्टरांनी त्याच्या कुशीवर हात ठेवला, अगदी आईसारखा दाबला. बरगडी लागेना तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, चरबीचा भार झालाय, काळजाला झेपत नाही. भात बंद करा, भाकरी अर्धी द्या, रोज थोडं चालवा. हात ठेवला की बरगडी लागली पाहिजे. इथवर आई मान डोलावत होती. मग ते सहज बोलून गेले, "आधी दोन दिवस लंघन द्या."

आईनं कुत्र्याला उचललं. त्याला उचलणं काही सोपं नव्हतं. घर येईपर्यंत ती कुठं टेकली नाही.

बाबांनी त्या दिवशी तिची फार मनधरणी केली. तो जगावा असं तुलाही वाटतं ना, मग निम्मा तरी घाल, म्हणाले. आई तपेली घासत होती.

"एकदा ऐकलं तुमचं," ती म्हणाली. "वैद्याला तुमीच आनलं हुतं. आता मी कुनाला उपाशी ठेवायची नाय."

बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ते रोज सकाळी कुत्र्याला दोरी बांधून ओढ्यापर्यंत नेऊ लागले. चालून दमला म्हणून आई दोन घास जास्तच घालायची. दोघंही त्याला वाचवतच होती, आणि मला दोघांचीही दया येते.

वैशाखात तो अंगणातच कोसळला. पडवीत आणून निजवला. आईनं दूधभात कालवून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं. ती हात तसाच धरून बसली, बोटांवरचा भात वाळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

बाबांनी त्याला बांधावर पुरलं, जिथं तो भावाला सापडला होता. परत आले तेव्हा आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. घालता घालता म्हणाली, "एक तरी पोटभर जेवून गेला."

बाबा तिथंच खाली बसले. भाऊ गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तिन्हीसांजेला आई तांदूळ घ्यायला बसली. आमच्या मुठी घेऊन झाल्यावर तिनं आणखी एक मूठ भरली, तशीच धरून ठेवली, आणि मग ते तांदूळ मडक्यात परत सोडले. माझा भाऊ आमच्या घरातून गेला तो त्या दिवशी.